चुकांचेही वय असते

बालवाडीच्या प्रवेशांचा हंगाम आला की एक आकडा जागोजागी दिसू लागतो. मुलाच्या मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षाआधी होतो, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये म्हटले आहे. धोरणात हे वाक्य आले ते चांगल्या हेतूने. तीन ते आठ हा पाच वर्षांचा पायाभूत टप्पा धरावा, या वयाच्या शिक्षणावर सरकारने लक्ष द्यावे आणि पैसा खर्च करावा, हे पटवण्यासाठी. पण तेच वाक्य नर्सरीच्या फ्लेक्सवर चढले की त्याचा नूर पालटतो. ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ अशी धास्ती घेऊन आईबाप रांगेत उभे राहतात, आणि साडेतीन वर्षांच्या मुलीच्या दप्तरात चार रेघी वही येते. त्या वहीत रोज एक पान ‘अ’ आणि एक पान ‘ए’ गिरवून न्यायचे असते. संध्याकाळी आई तिचा हात धरून ते पान पुरे करते, म्हणजे खरे तर आईच लिहिते.

या आकड्यात मोजले आहे काय, हे आधी पाहू. जन्मलेल्या बाळाचा मेंदू साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा असतो, मोठ्या माणसाचा तेराशे-चौदाशे ग्रॅमचा. सहाव्या वर्षापर्यंत तो मोठ्या माणसाच्या मेंदूच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. म्हणजे हा हिशोब मुख्यतः वजनाचा आणि आकारमानाचा आहे. आत चाललेले काम वेगळे असते. पहिल्या काही वर्षांत मेंदूतल्या पेशी एकमेकींशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या करतात आणि पुढे वापरातल्या ठेवून बाकीच्या मोडत जातात. ज्वारी दाट उगवली की शेतकरी विरळणी करतो, तसेच हे. कपाळामागच्या ज्या भागाकडे संयम, नियोजन आणि परिणामांचा विचार ही कामे आहेत, त्याची मशागत तर विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. सहाव्या वर्षीच बहुतेक सगळे उरकते असे मानले, तर सोळाव्या वर्षी मुलगा मोटारसायकलवर जे करतो त्याचा उलगडा कसा करायचा?

मुलाचे मन म्हणजे मोठ्यांच्या मनाची छोटी आवृत्ती नव्हे. ते वाढते तेव्हा त्यातली माहिती वाढतेच, पण विचार करण्याची रीतही बदलते. ही रीत बदलल्याची सर्वांत स्पष्ट खूण मुलाच्या बरोबर उत्तरांत सापडत नाही, चुकीच्या उत्तरांत सापडते. आपल्या घरांत आणि शाळांत नेमक्या त्याच खुणा खोडून टाकण्याची घाई असते.

सुरुवात अगदी पाळण्यापासून करू. १९८० मध्ये अमेरिकेत अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फिफर यांनी तीन दिवसांहूनही लहान बाळांच्या तोंडात एक चोखणी दिली. विशिष्ट लयीत चोखले की आईचा आवाज ऐकू येई, लय बदलली की दुसऱ्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज लागेल अशी लय धरली. पोटात असल्यापासून ऐकलेला आवाज त्यांना ओळखीचा होता. ‘त्याला अजून काय कळतंय’ हे आपले नेहमीचे वाक्य निदान त्या बाबतीत खोटे ठरले.

याहून आपल्याला जवळचा प्रयोग १९८४ चा आहे. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. ‘पाट’ आणि ‘पात’ यांत आपल्याला जो फरक सहज ऐकू येतो तो इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना बहुधा येत नाही. पण सहा ते आठ महिन्यांच्या इंग्रजी बाळांना तो येत होता. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत मात्र त्यातल्या बहुतेकांनी तो गमावला होता. हिंदी घरांतल्या अकरा-बारा महिन्यांच्या बाळांचा तो शाबूत होता. पहिला शब्द बोलण्याआधीच बाळाने आपली भाषा निवडलेली असते, आणि निवडायचे म्हणजे बाकीचे सोडून द्यायचे. टोरांटोत किंवा न्यू जर्सीत वाढणाऱ्या मराठी घरातल्या नातवंडाशी आजी फोनवरून का होईना मराठीत बोलत राहते, तेव्हा तिच्या धडपडीमागचा अंदाज बरोबर असतो.

‘फोनवरून का होईना’ असे म्हटले खरे, पण त्यात एक मेख आहे. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये सिअ‍ॅटलमधल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषेचा सहवास दिला. काहींपुढे एक बाई बसून गोष्टी सांगत, खेळणी दाखवत. काहींना त्याच बाईंची चित्रफीत दाखवली, काहींना नुसता आवाज ऐकवला. बारा सत्रांनंतर समोर बाई बसल्या होत्या ती बाळे चिनी ध्वनींतला फरक ओळखू लागली. चित्रफीत पाहणाऱ्यांच्या पदरात काहीच पडले नाही. शब्द तेच होते आणि चेहराही तोच, पण बाळाने पाहिले की मान वळवणारे, हसले की हसणारे माणूस पडद्यावर नव्हते. आजी व्हिडिओ कॉलवर निदान प्रतिसाद तरी देते. आधीच भरून ठेवलेली बडबडगीते तेवढेही करत नाहीत.

बाळाला हा प्रतिसाद किती लागतो ते एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ च्या सुमारास दाखवून दिले. आईने बाळाशी नेहमीसारखे खेळायचे आणि मग दोन-तीन मिनिटे चेहरा दगडासारखा ठेवायचा. बाळ आधी हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते. काहीच घडत नाही म्हटल्यावर तोंड फिरवते आणि शेवटी रडू लागते. ही दृश्ये पाहताना मोठ्यांनाही अस्वस्थ व्हायला होते. पण हातातल्या मोबाइलकडे पाहत बाळाला भरवणाऱ्या माणसाचा चेहराही त्या वेळी जवळपास तसाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालच्या बाळाला पडदा अजिबात नको, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त नको, असे सांगितले. ते मुलांच्या पडद्याबद्दल होते. आईबापांच्या हातातल्या पडद्याबद्दल नव्हते.

आता चुकांकडे. १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये एका तरुण स्विस माणसाकडे बुद्धिमापनाच्या इंग्रजी चाचण्या फ्रेंच मुलांवर वापरून प्रमाणित करण्याचे काम आले. काम कंटाळवाणे होते, बरोबर उत्तरे मोजायची आणि गुण द्यायचे. त्याचे लक्ष मात्र चुकीच्या उत्तरांकडे गेले. एकाच वयाची मुले एकाच प्रकारे चुकतात, हे त्याच्या ध्यानात आले. जाँ पियाजे हे त्याचे नाव. १९८० साली वारला तोवर तो मुलांना प्रश्न विचारत राहिला, आणि त्याच्या अभ्यासात त्याची स्वतःची तीन मुलेही होती.

पियाजेचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग कोणत्याही घरात करता येतो. दोन सारख्या पेल्यांत सारखे सरबत ओतायचे. चार वर्षांचे मूल म्हणते, दोन्हीत सारखे आहे. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातले सरबत उंच, निमुळत्या ग्लासात ओतायचे. आता मूल म्हणते, यात जास्त. आपल्या आयांनी तर पियाजेचे नाव न ऐकता ही गोष्ट पिढ्यानपिढ्या वापरली आहे. ‘मला दोन पोळ्या हव्यात’ म्हणून हट्ट करणाऱ्याच्या ताटात त्याच एका पोळीचे चार तुकडे करून टाकायचे. चार आहेत म्हटल्यावर स्वारी खूश. सात-आठ वर्षांच्या मुलापुढे हा डाव चालत नाही. मधल्या काळात त्याला कोणी ‘वस्तुमान कायम राहते’ असा धडा दिलेला नसतो. ओतलेले परत ओतता येते, उंची वाढली तर रुंदी कमी झाली, या दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरण्याची ताकद त्याला आलेली असते. ती येण्याआधी त्याच्याकडून ‘सारखेच आहे’ हे वाक्य घोकून घेता येईल. फक्त ते वाक्य त्याचे नसेल.

पियाजेचे सगळेच टिकले नाही. तान्ही बाळे लपवलेली वस्तू नाहीशी झाली असे समजतात, हे त्याचे म्हणणे १९८५ नंतर रने बेयारझाँ यांच्या प्रयोगांनी बरेच सैल केले. पाच महिन्यांची बाळेही अशक्य वाटणारे दृश्य दिसले तर त्याकडे जास्त वेळ टक लावून पाहतात. पण आमच्या मते शिक्षकांनी लक्षात ठेवावा असा आक्षेप वेगळाच आहे. स्कॉटलंडमध्ये मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल यांनी १९७४ मध्ये सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या. त्यातली एक ओळ लांबवून ‘आता कशात जास्त?’ असे विचारले की मुले नेहमीप्रमाणे चुकत. मग त्यांनी ती ओळ एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाकडून ‘चुकून’ विस्कटवली. आता त्याच वयाच्या बहुसंख्य मुलांनी सांगितले, सारख्याच आहेत. फरक काय पडला? मोठे माणूस मुद्दाम काहीतरी करून तोच प्रश्न पुन्हा विचारते, तेव्हा आपले आधीचे उत्तर त्याला पसंत नसावे असा मूल अर्थ लावते. अस्वलाच्या खोडीला तसा अर्थ नसतो.

आपल्या वर्गात हे रोज घडते. बाई विचारतात, ‘पाच आणि तीन किती?’ मूल म्हणते, ‘आठ.’ बाई म्हणतात, ‘नक्की?’ आणि मूल लगेच म्हणते, ‘नऊ.’ गणित त्याला येत होते. बाईंचा चेहरा वाचणे त्याला त्याहून चांगले येत होते, इतकेच. उत्तर चुकल्यावरच ‘असं का म्हणालास?’ विचारायचे आणि बरोबर आल्यावर पुढच्या मुलाकडे वळायचे, या सवयीने मुले शिकतात काय, तर तो प्रश्न विचारला की उत्तर बदलायचे.

चौथ्या-पाचव्या वर्षी आणखी एक मोठी घडामोड होते आणि ती बहुतेक घरांत गुन्हा म्हणून नोंदली जाते. मूल समजून-उमजून खोटे बोलू लागते. १९८३ मध्ये हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर या ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो. तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची मुले चॉकलेट खरोखर आहे तेच कपाट दाखवतात. आपल्याला माहीत आहे ते त्यालाही माहीत असणारच, अशी त्यांची समजूत. चार ते सहाच्या दरम्यान उत्तर बदलते. दुसऱ्याच्या डोक्यात वेगळी, प्रसंगी चुकीची समजूत असू शकते हे मुलाला उमगते. २००५ मध्ये कॅनडा, भारत, पेरू, सामोआ आणि थायलंड इथल्या मुलांना असाच प्रश्न घातला गेला, तेव्हा पाचही ठिकाणी हा बदल पाच वर्षांच्या आगेमागेच आढळला.

आता खोट्याकडे पाहा. तोंडाला लाडवाचा चुरा लागलेला असताना ‘मी नाही खाल्ला’ म्हणणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला आईला काय दिसते आहे याचा पत्ता नसतो. पाच वर्षांचा तोंड पुसून येतो. डब्याचे झाकणही लावून येतो. आईच्या मनात काय येईल याचा त्याने आधी विचार केलेला असतो. त्याचे कौतुक करावे असे आमचे म्हणणे नाही. पण फटका देण्याआधी एवढे ओळखावे, की दुसऱ्याच्या मनात शिरण्याची हीच नवी ताकद त्याला पुढे मैत्रिणीची समजूत घालायला आणि गोष्टीतल्या राक्षसाची दया यायला उपयोगी पडणार आहे.

याच वयातली दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मुलांचे स्वतःशी बोलणे. ठोकळे रचताना, भातुकलीत भात शिजवताना ‘आता हा इथे, नाही नाही, तो मोठा आण’ असे चाललेले असते. पियाजेला हे बोलणे अपरिपक्व वाटले. रशियातील लेव वायगॉट्स्की यांनी नेमके उलट म्हटले. मोठ्यांनी जे मुलाला मोठ्याने सांगितले ते आधी मूल स्वतःला मोठ्याने सांगते, मग पुटपुटते आणि शेवटी मनात सांगते. त्यालाच आपण विचार म्हणतो. काम अवघड असेल तेव्हा हे पुटपुटणे वाढते, हेही त्यांनी दाखवले. वायगॉट्स्की १९३४ मध्ये, चाळिशीही न गाठता गेले, पण या वादात काळाने कौल त्यांच्या बाजूने दिला. तोंडावर बोट ठेवून बसलेला शिशुवर्ग पाहुण्यांना शिस्तीचा वाटतो. त्या शांततेत मुलांचे विचार करण्याचे साधनच काढून घेतलेले असते.

संयमाचेही तसेच. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ तीन वर्षांच्या मुलांत खेळून पाहा. ‘शिवाजी म्हणतो, हात वर’ ठीक जमते. नुसते ‘हात खाली’ म्हटले की सगळे हात खाली येतात. नियम त्यांना पाठ असतो, विचारला तर सांगतातही, पण हात थांबत नाही. पाच-सहा वर्षांची मुले दात-ओठ खाऊन हात वर ठेवतात. हात रोखणे, नियम ध्यानात ठेवणे आणि नियम बदलला की आपणही बदलणे, या तीन गोष्टी पहिलीत बसणाऱ्या मुलाला अक्षरओळखीइतक्याच लागतात. त्या गिरवून येत नाहीत, खेळून येतात.

सातनंतर गाडी रुळावर येते, म्हणून असेल, त्या वर्षांकडे कोणी फारसे पाहत नाही. तर्क जमतो, मोजणे पक्के होते, काड्यापेट्यांच्या छापांपासून क्रिकेटपटूंच्या चित्रांपर्यंत कसलेतरी संग्रह सुरू होतात. पियाजेने १९३२ मध्ये गोट्या खेळणाऱ्या स्विस मुलांवर लिहिले. लहान मुलांना नियम देवाने किंवा वडिलांनी केलेले वाटतात, ते बदलणे पाप. दहा-अकराच्या मुलांना कळते की सगळ्यांनी मान्य केले तर नियम बदलता येतो. आपल्या गल्लीतले ‘वन टप्पा आउट’ आणि ‘गच्चीवर गेला तर आउट’ हे नियम याच वयाच्या मुलांनी भांडून, रुसून, बॅट घरी नेण्याची धमकी देऊन ठरवलेले असतात. प्रशिक्षक, शिट्टी आणि फी असलेल्या शिबिरात नियम आयते मिळतात. खेळ सुधारत असेल, पण भांडून ठरवण्याचा तास वेळापत्रकातून गेला.

मग पहिली वर्षे महत्त्वाची नाहीत का? आहेतच. रुमानियात १९८९ मध्ये चाउशेस्कूची राजवट कोसळली, तेव्हा हजारो मुले सरकारी अनाथालयांत सापडली. अन्न-वस्त्र होते, पण ओळखीचा असा कोणाचा हात नव्हता. २००० च्या सुमारास बुखारेस्टमध्ये अशा १३६ बाळांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून पालक-कुटुंबांत दिले. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली वाढली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना सर्वाधिक लाभ झाला. कुटुंबाने त्यांना अक्षरे शिकवली नव्हती. एक ठरावीक माणूस दिले होते.

जमैकातला अनुभव आपल्याला अधिक उपयोगी आहे. १९८० च्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत सॅली ग्रँटहॅम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंची खुंटलेली १२९ बाळे निवडली. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास जाई, टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी नेई आणि आईला बाळाशी कसे खेळायचे, कसे बोलायचे ते दाखवी. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा घरभेटी मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. नुसत्या आहाराचा तसा दूरचा परिणाम दिसला नाही. यावरून आहार बंद करा असे कोणी म्हणणार नाही, कारण उपाशी बाळ खेळत नाही. पण आहार दिला म्हणजे काम झाले, असेही मग म्हणता येत नाही.

महाराष्ट्राला हे नवे वाटू नये. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्याबरोबर होत्या. वारली पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्या बालवाडी घेऊन पाड्यावरच्या अंगणात गेल्या. माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हाताशी घेतली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच काम वाढले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत, त्यांतल्या लाखाहून अधिक महाराष्ट्रात.

नाव गेले, पण अंगणातले काम किती गेले? योजनेतल्या सहा सेवांत शालापूर्व शिक्षण आहे. प्रत्यक्षात सेविकेचा दिवस वजन-उंची, आहारवाटप, लसीकरणाच्या याद्या आणि पोषण ट्रॅकरमध्ये माहिती भरण्यात जातो. तिला मिळते त्याला आजही पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. दुसरीकडे शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयालाच लागू आहे. सहाच्या आतल्या मुलांसाठी २००२ च्या घटनादुरुस्तीने राज्याने ‘प्रयत्न करावा’ एवढेच म्हटले. त्या पोकळीत खासगी नर्सऱ्या उगवल्या आणि तिथल्या चार रेघी वह्या पाहून आता गावातल्या आयाही सेविकेला विचारतात, ‘ताई, तुम्ही लिहायला कधी शिकवणार?’ या प्रश्नाने बिचारी सेविका खेळ बंद करून फळा काढते.

फळा आत ठेवा, असे तिला सांगायचे तर वरिष्ठांनी तिच्या पाठीशी उभे राहायला हवे, आणि तिच्या दिवसातली नोंदींची कामे दुसऱ्या कोणाकडे तरी जायला हवीत. घरभेटी तिच्या कामाच्या यादीत आधीपासून आहेत. वजन किती, डोस झाला का, एवढे विचारून ती पुढच्या दारी जाते. किंग्स्टनच्या सेविकेला एका घरात आठवड्याला एक तास मिळत होता. तो तास इथल्या सेविकेच्या दिवसात कुठून निघणार आणि त्याचे मोल तिला कसे मिळणार, याचे उत्तर महिला व बालविकास विभागाने द्यायचे आहे.